विशाखाताईंची धास्ती

विशाखा साळवे ऑफिसात आल्या की खांद्यावरची पर्स खाली ठेवायच्या आधी फोन लावायच्या. तो जिल्ह्यातल्या कुठल्यातरी दवाखान्यातल्या सिस्टरला असायचा. "सिस्टर, नमस्कार. जालन्यावरून साळवे बोलून राह्यले. तुमच्या फ्रिजात सापाच्या इंजेक्शनच्या बाटल्या किती हायेत, जरा उघडून बघता का? न्हाई न्हाई, कागदावरचं नका सांगू. फ्रिज उघडा." पलीकडून बहुतेक वेळा वैतागलेला आवाज यायचा. ताई उभ्या उभ्याच, फोन कानाला लावून, समोरच्या पडद्यावरचा आकडा बघत राहायच्या. आकडा जुळला की खुर्चीत बसायच्या आणि मगच आमच्याकडे बघून म्हणायच्या, "हां, बोला आता."

मी त्या कंपनीत लागलो त्या सकाळी मला हे सगळं चमत्कारिक वाटलं होतं. आमचं ऑफिस नवीन जालन्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बियाण्यांच्या एका दुकानाच्या वर. माणसं एका मोठ्या खोलीत मावतील इतकीच. आम्ही छोटीमोठी सॉफ्टवेअर बनवायचो, पण कंपनी तगून होती ती एका कामावर. एका धर्मादाय संस्थेसाठी आम्ही एक सेवा चालवत होतो. जिल्ह्यातल्या कुठल्या दवाखान्यात सर्पदंशावरची लस आत्ता शिल्लक आहे, हे त्यात दिसायचं. प्रत्येक दवाखाना आपला साठा संगणकात भरायचा, तो आकडा आमच्याकडे यायचा. गावोगावच्या आरोग्य केंद्रांतल्या सिस्टर, ॲम्ब्युलन्सवाले, जीपवाले मोबाईलवर बघून पेशंट कुठं न्यायचा ते ठरवायचे. लस असेल तिथं हिरवा ठिपका, संपली असेल तिथं लाल.

"मॅडम, आकडा तर आपल्या सिस्टीममध्ये दिसतोच की," मी त्या दिवशी म्हणालो होतो. "मग फोन कशाला?"

ताई माझ्याकडे वळल्या. "काय नाव तुझं? प्रशांत. हिरवं दिसून राह्यलं, एवढंच आपल्याला ठाऊक हाय प्रशांत. बाटली फ्रिजात हाय का न्हाई, ते फ्रिजाला ठाऊक."

ताई मूळच्या भोकरदनच्या. वडील तिथल्या शाळेत मास्तर होते. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून मुलीकडून पाढे म्हणून घेणारे आणि चुकलं की न रागावता "पुन्हा" एवढंच म्हणणारे. हे ताईच आम्हाला सांगायच्या. इंजिनियर होऊन त्या बरीच वर्षं पुण्याला एका मोठ्या कंपनीत होत्या. तिथं त्यांचं काम एकच होतं, चालू असलेली सेवा बंद पडू न देणं. वडील गेल्यावर आई एकटी पडली म्हणून जालन्याला आल्या आणि आमच्या कंपनीचे मालक मुळे सर यांनी त्यांना लगेच धरलं. मुळे सरही पुण्याहून परतलेले. माणूस मनानं चांगला, पण सारखा घाईत. "साळवे मॅडम आहेत म्हणून मी निर्धास्त असतो," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. ताईंना ते आवडायचं नाही. "सर, कोणीतरी धास्तीत हाय म्हणून तुमी निर्धास्त. तेवढं ध्यानात ठेवा," असं त्यांनी एकदा तोंडावर सांगितलं होतं.

धास्ती हा त्यांचा स्वभावच होता. जेवताना मोबाईल डब्याच्या झाकणावर उताणा ठेवलेला असायचा. कोणी बोलताना मध्येच त्यांची नजर तिकडे जायची. ऑफिसातली वीज गेली की बाकीचे हुश्श करून खाली चहाला जायचे, या मात्र इन्व्हर्टरच्या बॅटरीपाशी जाऊन उभ्या. खालच्या हमालानं पोतं आदळलं तरी दचकायच्या. एकदा मुळे सरांनी आम्हा सगळ्यांना जांब समर्थला नेलं. सगळे देवळात गेले, ताई बाहेर झाडाखाली लॅपटॉप मांडीवर घेऊन बसल्या. आमच्यातल्या एकाला उगाच अवघडल्यासारखं झालं. तो परत येऊन चाचरत म्हणाला, "ताई, तुम्ही आत... म्हणजे, तुम्हाला काही..." ताई खळखळून हसल्या. "अरे बाबा, तसं काही न्हाई. जाऊन आले मी मागं एकदा. आत नेटवर्क न्हाई!" त्या दिवशी परतीच्या वाटेवर गाडीत सगळे गाणी म्हणत होते, आणि ताई खिडकीला टेकून मोबाईलवर ठिपके मोजत होत्या.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांच्या आईंनी हात जोडून "जय भीम" म्हणत मला बसवलं आणि पाणी देता देता तक्रार केली, "हिला सांगा बापा काही. गॅस बंद केला का, ते मला फोन करून विचारती. मी म्हनलं, मी तुझी माय हाय का तुझी मशीन?" ताई आतून ओरडल्या, "आई, मंग बंद केल्ता का?" आईंनी माझ्याकडे बघून कपाळावर हात मारून घेतला.

या सेवेत ताईंनी एक गोष्ट हट्टानं घालून घेतली होती. एखाद्या दवाखान्याकडून काही तास आकडाच आला नाही, तिथली वीज गेली, इंटरनेट तुटलं, कोणी भरायचं विसरलं, तर त्याचा ठिपका आपोआप राखाडी व्हायचा. बाजूला अक्षरं यायची, "माहिती नाही. आधी फोन करा." खाली त्या दवाखान्याचा नंबर. मुळे सरांना हा राखाडी रंग सलायचा. संस्थेचे लोक ऑफिसात यायचे, मोठ्या पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा लावला जायचा, आणि त्यात नेमके पाच-सहा ठिपके राखाडी. "मॅडम, असं दाखवलं की आपली सिस्टीमच बंद पडल्यासारखी वाटते हो," सर म्हणायचे.

"सर, माहिती न्हाई हे पण एक उत्तर हाय. बिलकुल खरं उत्तर," ताई म्हणायच्या. "सिस्टर फोन करंल, विचारंल. खोटं हिरवं बघितलं तर ती फोन करणार न्हाई, सरळ गाडी काढंल." राखाडी रंग राहिला.

मग एआय आलं. म्हणजे जगात आधीच आलं होतं, आमच्या ऑफिसात मुळे सर एका सोमवारी घेऊन आले. काय हवं ते साध्या भाषेत सांगायचं, की ते कोड लिहून द्यायचं. आठवड्याचं काम दुपारच्या जेवणापर्यंत. पहिल्या दिवशी आम्ही सगळे लहान मुलांसारखे त्याच्याभोवती जमलो होतो. कोणीतरी त्याला "भाऊ" म्हटलं आणि तेच नाव पडलं. "भाऊला विचार." "भाऊनं करून दिलं." ताई विरोधात असतील असं आम्हाला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्यांनी खुर्ची ओढली, भाऊकडून एक अवघड काम करून घेतलं, ओळ अन् ओळ वाचली आणि म्हणाल्या, "चांगलं लिहितो रे हा. माझ्यापेक्षा साफ लिहितो." त्यांच्या आवाजात कौतुक होतं, थोडी असूयाही होती.

त्यानंतरचे महिने भराभर गेले. मुळे सर रोज नव्या बातम्या वाचून यायचे. पुण्यात अमुक कंपनीनं इतकी माणसं कमी केली, हैदराबादला एकच माणूस दहांचं काम करतो. "मार्केट कुठं चाललंय बघा," हे त्यांचं वाक्य झालं होतं. दिवाळीच्या आधी आमच्यातल्या दोघांना त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. दोघेही बाहेर आले ते आपापला चहाचा कप घेऊन घरी जायला निघाले. प्रत्येक जण आपल्या पडद्याकडे बघत होता, आणि प्रत्येकाच्या मनात एकच होतं, पुढचा मी का?

राहिलेल्यांनी मग दुप्पट वेगानं काम दाखवायला सुरुवात केली. वेग दाखवणं सोपं झालं होतं, भाऊ होताच. अडचण एकच. लिहिलेलं सगळं चालू सेवेत जाण्याआधी ताईंनी वाचून मान्य करायचं, असा नियम होता. पूर्वी दिवसाला दोन-चार बदल यायचे, आता ढिगानं यायला लागले. ताई सकाळी आल्या की पर्स ठेवून सरळ वाचायला बसायच्या. सिस्टरला करायचा तो फोन आधी एक दिवसाआड झाला, मग आठवड्यातून एकदा, मग बंद. मुळे सरांनी त्याचीही सोय केली होती. भाऊकडून एक पडदा बनवून घेतला होता, जो सगळ्या सेवेची तब्येत आपोआप तपासून दाखवायचा. "मॅडम, आता तुम्ही फोन करायची गरज नाही. सिस्टीमच सिस्टीमला विचारते," सर म्हणाले होते.

एक दिवस मी त्यांच्या शेजारी उभा होतो. त्या वाचत होत्या, बोट माऊसच्या चाकावर, ओळी वर सरकत होत्या. अचानक थांबल्या. "प्रशांत, मी वाचून राह्यले ना?"

"हो ताई."

"डोळे वाचून राह्यले. डोक्यात काही जाऊन न्हाई राह्यलं." त्यांनी डोळे चोळले, घोटभर पाणी प्यायल्या आणि पुन्हा चाक फिरवायला लागल्या. मुळे सरांना त्यांनी आणखी एक तपासणारा माणूस मागितला होता. सर म्हणाले होते, पुढच्या तिमाहीत बघू.

आश्चर्य म्हणजे त्या काळात ताई शांत झाल्या होत्या. जेवताना मोबाईल पर्समध्ये राहायचा. वीज गेली तर आमच्याबरोबर खाली चहाला यायच्या. आम्हाला बरं वाटलं. आम्ही आपसात म्हणायचो, ताई सुधारल्या.

पुढच्या पावसाळ्यातली ती दुपार. सोयाबीनच्या खुरपणीचे दिवस. बाहेर आभाळ दाटलेलं होतं, ऑफिसात दिवे लावले होते. ताईंचा फोन वाजला. भोकरदन तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रातल्या काळे सिस्टर होत्या. पूर्वी रोजच्या फोनांमुळे दोघींची ओळख झालेली. ताईंनी फोन उचलला आणि त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत बदलला.

"काय म्हनता? हिरवं व्हतं?... आता कुठं हायेत ते?... कोणता साप, कळलं का?... घोणस." त्या उभ्या राहिल्या. "सिस्टर, मी लगेच सांगते. फोन चालू ठेवा."

झालं होतं ते असं. संगीता नावाची एक बाई खुरपत असताना तिच्या पायाला घोणस चावली. नवऱ्यानं जीप करून तिला आरोग्य केंद्रात आणलं. तिथली लस आदल्या दिवशी संपलेली. काळे सिस्टरांनी मोबाईल बघितला. जवळच्या एका खासगी दवाखान्यावर हिरवा ठिपका होता. त्यांनी जीप तिकडे पिटाळली. तिथं पोचल्यावर कळलं, बाटली एकही नाही. रस्त्याच्या खोदकामात त्या दवाखान्याची इंटरनेटची तार तुटलेली, साठा संपला तो आमच्यापर्यंत आलाच नव्हता. आता जीप तिथल्या फाटकात उभी होती, आणि बाईच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं.

ताईंनी ठिपक्यांकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, "दवाखान्यांची यादी तू खालून सुरू कर, मी वरून. फोन लाव. फ्रिज उघडायला सांग." आम्ही दोघं दवाखान्यांना फोन लावत सुटलो. एका ठिकाणी उचलेचना. एका ठिकाणी म्हणाले, बघून सांगतो. शेवटी जालन्याच्याच एका मोठ्या दवाखान्यातल्या माणसानं फ्रिज उघडून, बाटल्या हातात घेऊन सांगितलं, आहेत, पाठवा. ताईंनी जीपवाल्याला रस्ता सांगितला, दवाखान्याला पेशंटचं नाव सांगितलं. मगच फोन ठेवला.

त्यानंतर त्यांनी सेवेचा कोड उघडला. मी मागे उभा होतो. शोधायला वेळ लागला नाही. काही आठवड्यांपूर्वी आलेला एक बदल होता. पडदा भराभर उघडावा म्हणून आमच्यातल्या एकानं भाऊकडून करून घेतलेला. त्यात भाऊनं कोणी न मागता एक सुधारणा केली होती. दवाखान्याकडून माहिती आली नाही, तर शेवटची आलेली माहिती दाखवायची. बाजूला समजावूनही सांगितलं होतं, वापरणाऱ्याला रिकामं दिसू नये आणि त्याची गैरसोय होऊ नये म्हणून. किती नम्र, किती समंजस वाक्य. राखाडी रंग त्या दिवसापासून उगवलाच नव्हता. बदल बरोबर आहे का ते तपासणारा कोडही भाऊनंच लिहिलेला, त्यामुळे त्यात तो पास झाला होता. तब्येतीचा पडदाही हिरवागार होता. आणि तळाशी, मान्य करणाऱ्याच्या जागी, नाव होतं विशाखा साळवे.

ताई त्या नावाकडे बघत राहिल्या. मी काहीतरी बोलायला गेलो, त्यांनी हातानं थांबवलं. मग त्यांनी पटापट काहीतरी टाइप केलं, आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर जिल्ह्यातले सगळे ठिपके एकदम राखाडी झाले. सगळीकडे एकच ओळ. माहिती नाही, आधी फोन करा.

मुळे सर केबिनमधून धावत आले. "मॅडम, हे काय? अख्खा जिल्हा?"

"हो सर."

"संस्थेचा फोन येईल आत्ता. जिथं माहिती बरोबर आहे ते तरी ठेवा ना!"

"कोणती बराबर हाय, ते मला ठाऊक न्हाई सर. तुमाला हाय का?"

सर मटकन खुर्चीत बसले. खाली बियाण्याच्या दुकानात कोणीतरी मोठ्यानं हसत होतं.

संध्याकाळपर्यंत कळलं की संगीताबाईंना लस मिळाली, पण उशिरा. जीव वाचला, मूत्रपिंडांवर परिणाम झाला होता, डायलिसिस सुरू करावं लागलं. किती दिवस, ते डॉक्टर सांगत नव्हते.

दोन दिवसांनी संस्थेची माणसं आली. त्याआधी मुळे सरांनी आम्हाला काय बोलायचं ते सांगून ठेवलं होतं. दवाखान्याचं इंटरनेट बंद होतं, त्यामुळे माहिती आली नाही. यात खोटं काही नव्हतं. सरांच्या चेहऱ्यावर झोप नव्हती. हे काम गेलं तर कंपनी बंद पडणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर सरांचं वाक्य चालून जावं असं आमच्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं. मलाही. संस्थेच्या वयस्कर बाईंनी सरांचं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि विचारलं, "म्हणजे दोष दवाखान्याच्या इंटरनेटचा?"

"इंटरनेट तर नेहमीच बंद पडतं मॅडम," ताई म्हणाल्या. "ते बंद पडणार, हे धरूनच आमी ही सेवा बनवल्ती. ठिपका राखाडी व्हायला पायजे होता. तो व्हायचा बंद झाला, तो आमच्या बदलानं. आणि तो बदल मी तपासून पास केल्ता."

"तुम्ही लिहिला?"

"एआयनं लिहिला. पण त्याला कोणी काही विचारू शकत न्हाई. मला विचारू शकता."

मुळे सर टेबलाकडे बघत होते. मला वाटलं, संपलं. त्या बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि त्या म्हणाल्या, "पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, ते लिहून पाठवा. तोवर राखाडीच राहू द्या." काम गेलं नाही. पण त्या दिवशी कोणाच्या चेहऱ्यावर सुटका दिसली नाही. बाहेर पडताना मुळे सरांनी ताईंकडे बघितलं. राग होता, आणि त्या रागाची लाजही होती. पुढच्या आठवड्यात त्यांनी तपासणारा दुसरा माणूस द्यायचं कबूल केलं. तो माणूस मी.

त्यानंतर एका दुपारी ताई मला म्हणाल्या, "मी त्या बाईला भेटायला चालले. येतो का?" मी विचारलं, सरांना सांगितलं का? त्या म्हणाल्या, "सांगितलं. ते न्हाई म्हनले. मी सुट्टी टाकली."

संगीताबाई दवाखान्यातल्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. तिशीच्या असतील. मानेजवळ डायलिसिसच्या नळीची पट्टी होती, चेहरा सुजलेला. नवरा, भगवान, स्टुलावर बसून मोसंबी सोलत होता. आम्ही कोण ते ताईंनी सांगितलं. मोबाईलवर ठिपके दाखवणारी ती मशीन आमची. त्या दिवशी तिनं खोटं दाखवलं. ते त्यांच्या तपासण्यातून निसटलं.

भगवानचा हात थांबला. तो उठला, मोसंबी खिडकीत ठेवली आणि म्हणाला, "तुमी इथं काहून आल्या ताई? मी काय म्हनावं असं वाटून राह्यलं तुमाला? जीपीत ही माझ्या मांडीवर व्हती. रक्त थुंकून राह्यल्ती. अन् तो दवाखानेवाला म्हने, न्हाई आमच्याकडं. हिरवं व्हतं म्हने. काय करू त्या हिरव्याला?"

"काहीच म्हनू नका भाऊ. मी ऐकायला आले."

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. खाटेवरून संगीताबाईंनी हळू आवाजात विचारलं, "ताई, मंग आता बराबर दाखवतं का ते?"

मला वाटलं, ताई हो म्हणतील. आम्ही ते दुरुस्त केलं होतं, पुन्हा पुन्हा तपासलं होतं. "इथं येताना बघितलं तवा बराबर होतं," त्या म्हणाल्या. "आत्ताचं मला ठाऊक न्हाई."

संगीताबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग उशीवर मान टेकवली. "आमच्या गल्लीतल्या समद्या बायका खुरपायला जातात," एवढंच त्या म्हणाल्या.

निघताना भगवाननं ताईंच्या हातात ती सोललेली मोसंबी दिली. ताईंनी ती रस्त्यात खाल्ली नाही, गाडीत मांडीवर धरून बसल्या. संगीताबाईंचं डायलिसिस पुढे काही आठवड्यांनी थांबलं. पथ्य मात्र कायमचं मागे लागलं, आणि उन्हातलं काम बंद झालं.

ताई आणखी वर्षभर आमच्यात राहिल्या. दिवसाला किती बदल तपासायचे याची त्यांनी मर्यादा घालून घेतली आणि मुळे सरांनी ती कुरकुरत पाळली. भाऊ अजूनही होता, त्याच्याकडून काम करून घेणं ताईंनी थांबवलं नाही. पण त्यांची तब्येत बरी नव्हती. रक्तदाब वाढला होता, आईंचंही आता संभाजीनगरला उपचारांसाठी सारखं जाणं होतं. शेवटी त्यांनी तिकडेच एका दवाखान्याच्या संगणक विभागात नोकरी धरली. त्या निघाल्या त्या दिवशी मी त्यांना बस स्टँडवर सोडायला गेलो. आई आधीच खिडकीशी जागा धरून बसल्या होत्या. आम्ही दोघं खाली, उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी उभे.

मी म्हणालो, "ताई, तुमच्या जागी बसायची भीती वाटते मला."

"वाटू दे," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणला. "तुला एक सांगू का? कोणाला सांगितलं न्हाई मी. तो बदल मला आठवतो. तुमाला वाटलं असंल, ताई थकल्ती, न वाचता पास केला. तसं न्हाई. वाचला होता मी. पूर्ण. इतका नीट लिहिलेला होता, इतकं समजावून सांगितलेलं, की वाचता वाचता मला बरं वाटायला लागलं. जन्मभर छातीत जे धडधडून राह्यलं व्हतं ना, ते थांबलं. वाटलं, चला, कोणीतरी हाय आता सांभाळणारं." त्यांनी ओढणीनं तोंड पुसलं. "त्या दिवसांत मला इतकी चांगली झोप लागायची रे."

कंडक्टरनं घंटी वाजवली. आईंनी आतून हाक मारली, "विशाखा, चाल ना!" ताई घाईनं चढल्या. बस स्टँडबाहेर वळेपर्यंत मी तिथंच उभा होतो.

आता त्यांच्या खुर्चीवर मी बसतो. परवा दुपारी एक बदल तपासायला आला. भाऊनंच लिहिलेला. ओळी स्वच्छ, नावं नेमकी, प्रत्येक ठिकाणी का केलं ते समजावलेलं. वाचत गेलो तसा खांद्यांवरचा ताण उतरत गेला. शेवटच्या ओळीला पोचलो तेव्हा मला खूप बरं वाटत होतं. बोट 'मान्य'च्या बटणावर गेलं होतं. मी ते तसंच उचललं, बदल पुन्हा पहिल्या ओळीवर नेला आणि छातीत धडधड सुरू होईपर्यंत वाचत राहिलो.